गहिनीनाथाने पुकारलेली बाकी

सोनईच्या गहिनीनाथ लाऊडस्पीकरवाल्याने आयुष्यात पहिल्यांदाच एक कडक निर्णय घेतला. तोही बायकोसमोर बोलून दाखवला, त्यामुळे मागे फिरायची सोयच राहिली नाही.

गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची. लग्न असो, बारसं असो, गहिनीनाथाचं मशीन आणि दोन भोंगे लोक हक्काने न्यायचे. भाडं द्यायची वेळ आली की तोच हक्क जरा जास्त वाढायचा. गहिनीनाथाचा आवाज भोंग्यातून चार वस्त्यांपलीकडे जाई, पण समोरासमोर पैसे मागताना तो त्याचा त्यालाही ऐकू येत नसे. बन्सीकडे थकलेले भाड्याचे पंचवीस रुपये मागायला तो तीनदा गेला आणि तिन्ही वेळा चहा पिऊन, वर बन्सीच्या गाभण म्हशीची चौकशी करून परत आला. (म्हैस एव्हाना व्याली होती. त्याचे पेढेसुद्धा मिळाले नाहीत.)

मशीन दुरुस्त करायला बायकोची, मनकर्णाची बोरमाळ नगरच्या सोनाराकडे सत्तर रुपयांवर गहाण पडली होती आणि राहुरीला तिच्या भाचीचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

"म्या काय मोकळ्या गळ्यानं जाऊ व्हय?" ती म्हणाली. "बहिनी काय म्हनतील?"

"उद्या कानिफनाथ आन्नाच्या पोरीचं लगीन हाय. बन्सी, सहादेव, गोरक्षनाथ, तिघंबी येत्याल. भर मांडवात बाकी पुकारतो!"

"तुमी?"

त्या एका शब्दाने गहिनीनाथाचा मर्दपणा डिवचला गेला. त्याने लगेच चिठ्ठी लिहिली. वर मजकूर: 'खालील मंडळींकडे लाऊडस्पीकरचे भाडे थकले आहे.' खाली बन्सी पंचवीस, सहादेव अठरा, गोरक्षनाथ तीस. एकूण त्र्याहत्तर. बोरमाळ सुटून वर एसटीचं भाडंही निघत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि आहेर सुरू झाले. शाळेचे गुरुजी पैसे घेऊन वहीत मांडायचे आणि गहिनीनाथ नाव-रक्कम पुकारायचा. तासाभराने गुरुजी म्हणाले, "मी दोन घास खाऊन येतो. तोवर तूच घे, पुकार आणि मला टिपण दे." गहिनीनाथाने संधी साधली. खिशातली चिठ्ठी काढली, माईक तोंडाशी धरला आणि समोर पाहिलं. पहिल्याच रांगेत बन्सी सुपारी चघळत त्याच्याकडे बघून प्रेमाने हसत होता.

झालं. 'भाडे थकले आहे' ही वरची ओळ गिळून गहिनीनाथाने डोळे मिटले आणि नेहमीच्या सुरात खालची नावं वाचली:

"बन्सी... पंचवीस रुपये! सहादेव... अठरा रुपये! गोरक्षनाथ... तीस रुपये!"

एवढा मोठा आहेर ऐकून मांडव कौतुकाने भरून गेला. आजवर दोन रुपयांच्या पुढे न गेलेला बन्सी आधी दचकला, पण माणूस हुशार. तो उठला आणि त्याने चारही दिशांना हात जोडले. कानिफनाथांनी धावत येऊन त्याला मिठी मारली. तिघांनाही टॉवेल-टोपी मिळाली.

जेवताना भोंग्यावर ऐकलेली तिन्ही नावं गुरुजींनी वहीत मांडून टाकली होती. संध्याकाळी त्यांनी नोटा तीनदा मोजल्या. त्र्याहत्तर रुपये कमी.

"बन्सी, पैसं कुनाकडं दिलंस?" कानिफनाथांनी विचारलं.

"गहिनीनाथाच्या हातात! त्याबिगर का त्यानं पुकारलं?"

"आमीबी तिथंच दिलं," सहादेव आणि गोरक्षनाथ एका तोंडाने म्हणाले.

सगळे गहिनीनाथाकडे बघू लागले. खरं सांगावं, तर दुसऱ्याच्या लेकीच्या मांडवात वसुली करायला निघालो होतो, हे कबूल करायचं. न सांगावं, तर चोर ठरायचं. शेवटी तो पुटपुटला, "गर्दीत... कुठंतरी पडलं वाटतं. म्या भरतो."

कानिफनाथ भला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आजच्या भाड्याचे चाळीस रुपये वळते करून घेतले आणि तेहतीस गहिनीनाथाच्या नावावर मांडले. जाता जाता बन्सीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता माज्या पोराच्या लग्नात आन्नाला पंचवीस परत करावं लागतील बघ! पुकारायला तूच पायजे."

घरी मनकर्णा वाट पाहत होती. तिने तिन्ही नावं बायकांच्या पंगतीत ऐकली होती आणि नवऱ्याने बाकी पुकारली या अभिमानाने पान दोनदा वाढून घेतलं होतं. गहिनीनाथाने खाली मान घालून सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मोकळ्या गळ्यावरून हात फिरवत राहिली आणि त्या हाताकडे बघायची त्याला लाज वाटली.

मग ती म्हणाली, "आन् आपला आहेर?"

"आपला?"

"बाया म्हनत हुत्या, दिसभर दुसऱ्याचं आहेर पुकारलं, सोता एक रुपाया न्हाई दिला. फुकट जेवला."

गहिनीनाथ रात्रभर तळमळला. सकाळी त्याने डब्यातला शेवटचा रुपया काढला, कानिफनाथांच्या घरी गेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आन्ना, ह्यो... आमचा रुपाया."

कानिफनाथांना गहिवरून आलं. "एवढ्या लवकर आनलास? असं इमानी मानूस लई थोडं बग!" त्यांनी वही उघडली आणि गहिनीनाथाच्या नावापुढे मांडलं: जमा एक, बाकी बत्तीस.