पाचच्या आधी एक अक्षर नाही!

पोलिसांचे प्रवक्तेसाहेब स्वतःच्या निःपक्षपातीपणावर इतके खूश होते, की दाढी करताना दोन्ही गालांना सारखाच वेळ देत!

हौस नव्हती हो, गरज होती. त्यांचा सख्खा मेहुणा वार्ताहर. त्याच्या पेपरात साधी पाकीटमारी आधी छापून आली, तरी बाकीचे वार्ताहर बोंब मारत, "घरचा माणूस ना!" शेवटी मोठ्या साहेबांनी दम भरला, "आणखी एक तक्रार आली, की तुमची खुर्ची गेली! थेट चौकात, वाहनं अडवायला!"

झालं! नियम निघाला. रोज पाच वाजता, सगळ्या वार्ताहरांना, एकाच वेळी. त्याआधी सख्ख्या बापालाही अक्षर नाही. वार्ताहरांच्या नंबरांची यादी त्यांनी घरी फ्रिजवर चिकटवली, मेहुणा मुद्दाम सगळ्यात खाली.

त्या आठवड्यात गावभर कुंडीचोराचा धुमाकूळ होता. लोकांच्या दारातून बेचाळीस कुंड्या गेल्या होत्या, झाडांसकट! दुपारी तीनला बायकोचा फोन आला.

"अहो, तो कुंडीचोर आहे ना..."

"भावाने करायला लावला ना फोन? पाचच्या आधी एक अक्षर नाही!"

"अहो, ऐका तरी..."

ठेवला! साडेतीनला पुन्हा तेच. चारला तिसऱ्यांदा वाजल्यावर साहेब कडाडले, "नवरा-बायको घरी! ऑफिसात तू जनता!" आणि फोन बंदच करून टाकला. मग समाधानाने चहा घेतला.

पाचला खोली खच्चून भरली. मेहुण्याला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. साहेबांनी खाकरून वाचलं, "कुंडीचोर अत्यंत धूर्त असून गाव सोडून पळाल्याचा संशय आहे. सहा पथकं मागावर आहेत."

इतक्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. खोलीत आधी खुसखुस, मग हशा. पुढच्या वार्ताहराने फोन साहेबांसमोर धरला. फोटोत न्हाणीघराची खिडकी होती, आत मांडीवर कुंडी घेऊन बसलेला रडवेला माणूस. खाली मजकूर: "कुंडीचोर दुपारी तीनपासून प्रवक्त्यांच्या न्हाणीघरात कोंडलेला आहे. ही माहिती सर्वांना एकाच वेळी दिली आहे. कळावे, जनता."

"भाऊजी, सख्खी बहीण माझी, आणि मलाही पाचलाच?" मेहुणा मागून ओरडला.

साहेबांनी बंद फोन चालू करून घरी लावला. "अगं, मला तरी आधी सांगायचंस!"

"तीनदा सांगत होते! पोलीस ठाण्यात फोन केला, तर म्हणाले, कुंडीचोराबद्दल फक्त साहेब बोलतील. शेवटी म्हटलं, नवऱ्याला सवलत कशाला? उगाच पक्षपात व्हायचा!"

फोन ठेवतात न ठेवतात तोच मोठ्या साहेबांचा आला. "अभिनंदन! आज पक्षपाताची एकही तक्रार नाही."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "थँक्यू सर!"

"उद्या सकाळी आठला चौकात हजर व्हा. लाल दिवा लागला, की तिथे सगळ्यांना सारखंच थांबवायचं असतं. तुम्हाला छान जमेल!"