पंगतीपाशी अडलेली डीव्हीडी

खाजामियाँच्या कॉम्प्युटरवर हणमंतराव आणि कस्तुराबाईंचं लग्न त्रेचाळीस टक्क्यांवर अडलं होतं.

"कॉपी पुढं सरकंना," खाजामियाँ म्हणाले. "वहिनी, ही डीव्हीडी ठिवता कुठं?"

"देव्हाऱ्यात."

खाजामियाँनी ती कॉम्प्युटरमधून बाहेर काढून उलटी केली. चकचकीत बाजूवर पाच दिवाळ्यांचं हळदीकुंकू थरानं बसलं होतं.

"ह्या बाजूला लावत्यात व्हय?"

"चमकती तीच तोंडाची बाजू की. तिकडं नुसती नावं लिवलीत."

"पुसावं लागंल."

"ह्यांच्या देखत कुंकू पुसता?" बाईंनी डीव्हीडीवर हात ठेवला.

"पुसू दे," हणमंतराव म्हणाले. "मला काय हुत न्हाई." तरीही खाजामियाँ पुसत होते तोवर ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

लग्न त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातलं. त्याच साली भूकंपात कस्तुराबाईंचं माहेर गेलं आणि आईही गेली. फोटो एकही उरला नाही. खाजामियाँनीच काढलेल्या लग्नाच्या कॅसेटवरून ही डीव्हीडी केली, तर घरातला प्लेअर नेमका पंगत सुरू होताना गोठायचा. तोवरच्या चित्रात मांडवात आई कुठेच नव्हती, ती चुलीपाशी असणार. दिसली तर पंगतीत वाढतानाच दिसेल, एवढीच आशा बाईंनी धरली होती. सतरा वर्षांत आईचा चेहरा आठवायला गेलं की नाक मावशीचं यायला लागलं होतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

पुसल्यावर कॉपी एकसष्टपर्यंत गेली. मग कॉम्प्युटरनं जागा संपल्याचं कळवलं. लग्नांचं शूटिंग सोडल्यापासून खाजामियाँ लातूरच्या क्लासच्या लेक्चरांचे व्हिडिओ त्यात साठवत होते.

"समदं अहमदपूर डॉक्टर होऊन राहिलंय, वहिनी. थांबा, भौतिकशास्त्र काढतो."

भौतिकशास्त्र गेलं आणि लग्नाला जागा झाली. कॉपी पूर्ण झाली, पंगत आली आणि चित्र एकदम आडवं पडलं. मांडवाचा खांब, पत्रावळ्या आणि पाय.

खाजामियाँ ओशाळले. "चूक माझीच. कॅमेरा खाली ठिवला, बंद करायचा राहिला. अकरा मिनिटं नुसते पायच हायत. कापून टाकू?"

तेवढ्यात पडद्यातून आवाज आला. "खाज्या, ते मशीन ठिव खाली. सकाळपासून उपाशी हिंडायलंय लेकरू. आधी जेव."

भेगाळलेल्या टाचांचे, जोडवी घातलेले दोन पाय पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले. "भात घे. लाजू नको."

बाई पुढे सरकल्या. आईचा चेहरा दिसेल म्हणून त्यांनी मान आडवी केली. हणमंतरावांनीही केली. चेहरा काही आला नाही. पाय मात्र येत-जात राहिले, आणि आवाज सगळ्यांना पोटभर जेवायला सांगत राहिला.

"कापू?" खाजामियाँनी डोळे पुसत पुन्हा विचारलं.

"ह्याला हात लावू नका," कस्तुराबाई म्हणाल्या. "जागा कमी पडली तर लगीन काढा."

"हाव," नवरदेव म्हणाले. त्यांची मान अजून आडवीच होती.