सहाचा फोन सातला

"इला टिपणीस, खाजगी गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, थंड डोकं, उष्ण रक्त. गुन्हा कितीही लहान असो, आम्ही तो मोठा करून दाखवतो."

अशी चाळीस व्हिजिटिंग कार्डं इलाने घरच्या प्रिंटरवर छापली होती. लाल सोडून सगळी शाई संपल्यामुळे शेवटची बारा गुलाबी निघाली. पण गुलाबी कार्डं फक्त गंभीर गुन्ह्यांसाठी आहेत, असं तिने लगेच जाहीर करून टाकलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात तिच्या तोडीचा दुसरा गुप्तहेर नव्हता. पहिलाही नव्हता असं तिचे बाबा म्हणत, पण बाबा पडले असिस्टंट, आणि असिस्टंटने पाय ओढायचेच असतात. वय पंधरा, उंची पाच फूट दोन, आणि केस सोडवण्यात हातखंडा. डोक्यावरचे मात्र अजून आईच सोडवायची.

बाबा असिस्टंट कसे झाले? त्याला कायदा जबाबदार होता. इलाला उन्हाळ्यात गाडीचं लर्नर्स परमिट मिळालं. त्याचा नियम असा, की शेजारच्या सीटवर लायसन्सवालं मोठं माणूस हवं आणि रात्री नऊनंतर चाक हातात घ्यायचं नाही. म्हणजे प्रत्येक पाठलागात बाबा आलेच. आणि कॅरीतल्या गुन्हेगारांनीही जे काय करायचं ते नऊच्या आत उरकावं, अशी इलाची रास्त अपेक्षा होती.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरातला शेवटचा मंगळवार. जेवणाच्या टेबलावर आई वरणात चमचा नुसताच फिरवत होती.

"आठ आठवडे रोज सकाळी सहाला फोन यायचा. दूध वर यायच्या आत रिंग! काल सातला आला. डोक्याला शांपू लावला होता मी. आज परत सातला. आणि वर म्हणतो कसा, 'बघा, नेहमीसारखा वेळेवर!'"

"मग विचारायचं ना शैला," बाबा म्हणाले, "की बाबा रे, तासभर होतास कुठे?"

"असं कसं विचारणार, रवी? अर्ज त्याच्या हातात आहे. वरपक्षाला कोणी 'उशीर केलात' म्हणतं का?"

हा वरपक्ष म्हणजे बेल्जियममधल्या गेंट गावचे डॉक्टर यान. आई रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका छोट्या लॅबमध्ये गव्हावरच्या तांबेरा रोगाचा अभ्यास करायची. युरोपियन युनियनने त्याच वर्षी संशोधनाला पैसे द्यायला सातवा फ्रेमवर्क प्रोग्राम सुरू केला होता. सातवा, आणि सात वर्षं चालणारा. म्हणून बाबा त्याला सप्तपदी म्हणत. नियमही लग्नासारखेच. एकट्याने अर्ज करून भागत नाही. निदान तीन देशांतली तीन घराणी जमवा, कोणी काय करायचं ते ठरवा, मानपान सांभाळा आणि मुहूर्त गाठा. मुहूर्त होता शुक्रवार, दोन नोव्हेंबर, ब्रसेल्सच्या घड्याळात संध्याकाळचे पाच. म्हणजे आपले सकाळचे अकरा, असं आईने फ्रिजवर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. मिनिटभर उशीर झाला तरी अर्ज बाद.

लॅबच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, की अर्ज गेला तर निकाल लागेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, लॅब चालू राहील. नाही गेला तर डिसेंबरात कुलूप. मग बाबांना रेडमंडहून आलेली नोकरी धरायची आणि सगळ्यांनी तिकडे जायचं. रेडमंडला म्हणे पाऊस सुट्टीच घेत नाही. इलाला तर याच वर्षी सगळं जमायला लागलं होतं: डिबेट टीममध्ये निवड, तोंड उघडल्यावर आवाज बाहेर येणं आणि पॅरलल पार्किंग. हे सगळं छत्रीत गुंडाळून देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं?

इलाने पोळी खाली ठेवली. "आई, ही केस मी घेते."

"आधी वरण घे."

गुप्तहेराने प्रथम परिसर न्याहाळावा. इलाने न्याहाळला. बाबांच्या हातात त्यांचा लाडका कप होता. मार्चमध्ये ऑफिसात कॉम्प्युटरचं कसलंसं मोठं काम संपल्यावर सगळ्या टीमला वाटलेला. त्यावर एक भलंमोठं घड्याळ दात काढून हसत होतं. इलाने वहीत नोंद केली: 'कप. घड्याळाचं चित्र. महत्त्व: शून्य.'

पहिली थिअरी तिला अर्जाच्या कागदांतच सापडली. त्यांत अमेरिकेला चक्क 'थर्ड कंट्री' म्हटलं होतं.

"बघा! आपला नंबर तिसरा. यान सहाला दुसऱ्या नंबरला फोन करतो आणि सातला आपल्याला."

"अगं, युनियनच्या बाहेरचे सगळेच त्यांना थर्ड कंट्री. अमेरिकाही आणि भारतही."

"मग सेकंड कंट्री कोण?"

आईने कागद पुढेमागे चाळले. तिलाही ते माहीत नव्हतं. वहीत नोंद झाली: 'साक्षीदार गडबडली.'

दुसऱ्या नंबरचा शोध इलाला दोन घरं सोडून राहणाऱ्या अनीशकाकांपर्यंत घेऊन गेला. अनीशकाका मूळचे नागपूरचे. त्यांची लॅब आईच्या लॅबच्या बरोबर समोर, आणि विषय तोच, तांबेरा. बुधवारी हॅलोविन होतं, म्हणजे सोंग घेऊन दारोदार चॉकलेटं मागायचा दिवस, त्यामुळे बाबांचा ओव्हरकोट आणि भिंग घेऊन इलाने खुलेआम त्यांची बेल वाजवली. खऱ्या गुप्तहेराला वर्षातून एकदाच असं उजळ माथ्याने फिरता येतं.

"अरे वा! काय बनून आली तू?"

"डिटेक्टिव्ह."

"एकदम खरी वाटून राहिली बे!"

"काका, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी सहा वाजता तुम्ही कुठे होता?"

"झोपून होतो. सहाला अजून कुठं राहीन मी?" असं म्हणत काकांनी तिच्या पिशवीत चॉकलेटं टाकली.

इलाने भिंगातून पाहिलं. चॉकलेटं बेल्जियमची! काकांच्या मागे दोन उघड्या बॅगा होत्या, वजनकाटा होता, आणि टेबलावर विमानाचं तिकीट. मुंबई. मार्गे ब्रसेल्स.

"शनिवारी निघतो," काका म्हणाले. "तेवीस किलोच्या वर एक ग्रामपण चालत नाही म्हणते."

इला घरी धावत आली. शुक्रवारी मुहूर्त, शनिवारी पळ! आणि वजन करण्याइतके कागद! "काकांनी आईचं संशोधन यानला विकलंय. तेवीस किलो."

"तुझ्या आईचं संशोधन एका सीडीवर मावतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे त्यांनी प्रती काढल्या असणार."

गुरुवारी आई लॅबच्या साहेबांचं संमतीपत्र घेऊन आली. निळ्या शाईत सही केलेलं, एकमेव. शुक्रवारी घरीच थांबून सगळं एकदा शेवटचं वाचायचं, पत्र स्कॅन करायचं आणि यानला पाठवायचं, असा तिचा बेत होता. तोवर पत्र जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी पडलं. एकमेव पत्र असं उघड्यावर, आणि काका दोन घरं सोडून! सगळे आपापल्या कामात आहेत असं पाहून तिने ते उचललं आणि गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधल्या ओनर्स मॅन्युअलच्या पानांत ठेवलं. मोटारींच्या इतिहासात ते पुस्तक कोणी उघडल्याची नोंद नाही.

शुक्रवारी शाळेला टीचर वर्कडेची सुट्टी होती, आणि मुहूर्ताच्या दिवशी मदतीला म्हणून बाबांनीही रजा घेतली होती. सव्वादहाला अनीशकाकांची गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडली.

"असिस्टंट, किल्ली!"

बाबा चपला घालून, हातात चहाचा कप तसाच घेऊन आले. पाठलाग सुरू झाला. ताशी पंचवीस मैल, मध्ये पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तीन सेकंदांचं अंतर. बाबांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी ते तो सारखा दाबत होते. मागून एक आजोबा जॉगिंग करत आले, त्यांनी हात केला आणि पुढे निघून गेले.

अनीशकाका थांबले ते एका अवाढव्य दुकानापाशी. इला आत घुसली तेव्हा ते हॅलोविनच्या उरलेल्या चॉकलेटांच्या ढिगाऱ्यापुढे दोन्ही हातांनी ट्रॉली भरत होते. वर पाटी होती: अर्ध्या किमतीत.

"काका, खेळ खलास. ब्रसेल्सला कोणाला भेटताय?"

"ब्रसेल्सला? विमान बदलतो फक्त. तीन तास बसून राहतो तिथं." काका गोंधळले. "दिवाळीला घरी चाललो ना बे. दोन्हीकडचे मिळून आठ भाचे आहेत. चॉकलेट नेलं नाही तर घरात घेत नाहीत."

तेवीस किलोंचा उलगडा झाला. तेवढ्यात बाबांचा सेलफोन वाजला. आईचा आवाज दोन फुटांवरून ऐकू येत होता.

"रवी, टेबलावरचं पत्र कुठे आहे? घर पालथं घातलं मी!"

बाबांनी इलाकडे पाहिलं. इलाने पार्किंगमधल्या गाडीकडे. दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही चालवा."

परमिट मिळाल्यापासून तिने किल्ली स्वतःहून दिली ती त्याच दिवशी. बाबांनी गाडी पळवली, आणि गावातल्या फाटकाशी मालगाडी आडवी आली. एकशे चार डबे होते. इलाने एकूण एक मोजले, कारण रडण्यापेक्षा ते बरं होतं. शेवटच्या काही डब्यांना तिला दोन्ही एकदम करावं लागलं.

घर गाठलं. आई कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

"अकरा वाजून आठ मिनिटं," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, मी ते नीट, सेफ ठेवलं होतं."

"ठेवलंस खरं. कोणाच्याच हाती लागलं नाही."

इलाला आपली थिअरी आठवेना, पद्धत आठवेना. रेडमंडचा पाऊस तेवढा आठवला. तिने पत्र आईच्या हातात दिलं. "सॉरी, आई. चोर वगैरे कोणी नव्हताच. मीच होते."

आईने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

इतक्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून शेजारच्या सरलाकाकू आल्या. एका हातात चकल्यांचा डबा, दुसऱ्यात कॉर्डलेस फोन आणि चेहऱ्यावर तक्रार.

"लंडनचं काही खरं नाही बाई! आमची रेणू चारला लेक्चर संपलं की फोन करते, आपल्या अकराला. आठवडाभर बाराला करतेय. म्हटलं आज आपणच लावावा. तर कुजबुजते, 'आई, मी क्लासमध्ये आहे, इथे आत्ता तीन वाजलेत!' घ्या, चकली घ्या. भाजणी घरची आहे."

"तीन कसे वाजतील?" बाबा म्हणाले.

"अहो, हिवाळा आला की घड्याळं तासभर मागे करतात ना! गेल्या रविवारी त्यांची गेली, आणि आपली जाणार ह्या रविवारी. इतकी वर्षं दोघांची एकाच दिवशी जायची. यंदापासून आपल्या सरकारने आपली तारीख पुढे ढकललीय. डेंटिस्टच्या कॅलेंडरवर छापलंय की!" काकूंनी फ्रिजकडे बोट दाखवलं. कॅलेंडर आईच्या लाल अक्षरांशेजारीच लटकत होतं.

आई हळूहळू उठली. "काकू, लंडन मागे गेलं तर ब्रसेल्स?"

"तेही गेलंच असणार. ते काय एकटं उभं राहतंय?"

"म्हणजे तिथे आत्ता..."

"चार वाजून बारा मिनिटं!" इला किंचाळली. "म्हणून सहाचा फोन सातला! यान वेळेवरच होता!"

मग आईची नजर बाबांच्या कपावर गेली. घड्याळ दात काढून हसत होतं, आणि खालच्या बारीक अक्षरांचा अर्थ साधारण असा होता: 'घड्याळबदल २००७. आम्ही करून दाखवलं!'

"रवी, दोन महिने तू नक्की कुठलं काम करत होतास रे?"

"हेच," बाबा बारीक आवाजात म्हणाले. "कंपनीच्या बाराशे कॉम्प्युटरांना नवी तारीख शिकवली. घरी सांगायचं राहिलं."

"बोलत काय बसलात, पाठवा!" काकूंनी डब्याचं झाकण आपटलं.

पत्र आधी उलटं स्कॅन झालं, मग तिरपं, मग त्यावर चकलीचा तुकडा उमटला. अकरा एकवीसला ते एकदाचं गेलं. अकरा चाळीसला यानचा फोन आला. पत्र जोडलं, अर्ज गेला, पोचही आली. पण आज आवाज असा धापा टाकल्यासारखा का, अजून चांगली वीस मिनिटं आहेत, असं तो म्हणाला. "व्यायाम करत होते," आई म्हणाली. वरपक्षाला कोणी सगळं सांगतं का?

साहेबांनी लॅबचं कुलूप जूनपर्यंत लांबवलं. बाबांनी रेडमंडला नम्र नकार कळवला. रविवारी इलाने मायक्रोवेव्हपासून गाडीपर्यंत घरातली सगळी घड्याळं स्वतः मागे केली आणि सरलाकाकूंना एक गुलाबी कार्ड नेऊन दिलं.

"गुलाबी का गं?"

"गंभीर गुन्ह्यांची आहेत ती, काकू. मागे 'असिस्टंट नंबर दोन' लिहिलंय, बघा."

"असिस्टंट?" काकू म्हणाल्या, पण कार्ड त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी दूध वर यायच्या आत फोन वाजला. सहाला म्हणजे अगदी सहाला. इलाने वही उघडून लिहिलं: 'आरोपी यान. आमच्या चौकशीचा धसका घेऊन सुधारला. केस बंद.'

मग चार पानं मागे जाऊन, बाबांचं लक्ष नाही असं पाहून, तिने एक शब्द खोडला आणि दोन नवे लिहिले: 'कप. घड्याळाचं चित्र. महत्त्व: एक तास.'