शोकेसमधले बूट

विश्वजितरावांनी नवे बूट कीर्तनात मांडीवर घेऊन बसायचं ठरवलं, यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! देवळाबाहेर काढून ठेवायचे? कामोठ्यात? अस्सल इंपोर्टेड, पांढरेशुभ्र बूट! जासईच्या कंटेनर यार्डात वीस वर्षं कारकुनी केली, तेव्हा कुठे पायात असलं काही आलं. त्यांच्यासाठी बायकोच्या, म्हणजे तेजश्रीबाईंच्या, कपबशा शोकेसमधून हलवून (कपबशांचं काय, कुठेही राहतात!) आत लाइट लावला होता. आठवडाभर शेजाऱ्यांना बोलावून दाखवणं चाललं होतं. "लांबून बघा हं, काचेला हात लावायचा नाही!"

तर रामनवमी. बूट साडीच्या दुकानाच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. बुवांचा विषय काय, तर 'माझं माझं म्हणणाऱ्याला राम भेटत नाही'. विश्वजितरावांनी मान डोलावली आणि पिशवी चाचपली.

बारा वाजता पाळणा हलवायला सगळे उठले. रेटारेटीत बूट चेंगरायला नकोत, म्हणून त्यांनी पिशवी क्षणभर सत्काराच्या टेबलावर ठेवली. परत येऊन बघतात तर कमिटीचे गोटीरामशेठ बुवांना शाल, श्रीफळ आणि तीच पिशवी देतायत!

बुवांनी हात घालून बूट बाहेर काढला.

"अरे, ये त आपले विश्वजितशेठचे बूट हान!" गोटीरामशेठ ओरडले. (ओळखणारच! त्यांना दोनदा दाखवले होते.)

"अहो बुवा, ते माझे..."

"माझे म्हणत होता, तेच सोडलंत!" बुवांनी बूट सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "पंचवीस वर्षं कीर्तन करतोय. कानात शिरलं ते आज, एकाच्याच!"

टाळ्यांचा कडकडाट! आता टाळ्या वाजल्यावर बूट परत मागायचे तरी कोणत्या तोंडाने? हा काय न्याय झाला? बुवांनी बाहेर येऊन बूट चढवले. लेकाचे मापातही बसले! आणि स्वतःच्या झिजलेल्या वहाणा त्यांनी विश्वजितरावांच्या हातात ठेवल्या.

चला, घरापर्यंतची सोय तरी झाली, म्हणून विश्वजितराव पाय घालणार, तोच तेजश्रीबाईंनी वहाणा हिसकावून पदरात घेतल्या.

"अहो! पादुका आहेत त्या! पायात काय घालताय?"

भर दुपारी, तापल्या डांबरावरून विश्वजितराव अनवाणी उड्या मारत घरी पोचले.

वहाणा आता शोकेसमध्ये आहेत, लाइटसकट. शेजारी पुन्हा येतात, दर्शनाला. आणि विश्वजितराव जुन्या चपला अडकवून कामाला निघाले, की स्वयंपाकघरातून आवाज येतो,

"नमस्कार करून जा! लांबूनच हं, काचेला हात लावायचा नाही!"