थरथरीच्या अक्षय्यतेचा नियम

या विश्वात पूर्णपणे स्थिर असं काहीही नाही. अणू थरथरतात, पूल थरथरतात, निकालाच्या आदल्या दिवशी पालक थरथरतात. अशा परिस्थितीत एका नव्या पिकअप गाडीने तेवढं स्थिर राहावं, ही अपेक्षाच मुळात अशास्त्रीय आहे. ती बाळगणाऱ्या लोकांना बसण्यासाठी सर्व्हिस सेंटरमध्ये वेगळी खोली असते.

त्या खोलीत बारा खुर्च्या होत्या. पैकी दोन मोडक्या होत्या आणि एकीवर ‘बसू नये’ अशी पाटी होती (तिच्यावर एक गृहस्थ बसले होते). कॉफीचं एक यंत्र होतं आणि यंत्र बंद असल्याची चिठ्ठी त्यावर कायमची लॅमिनेट करून चिकटवली होती. भिंतीवर सोनेरी चौकटीत पाच प्रमाणपत्रं होती आणि पाचांवर एकच मजकूर होता : ‘तक्रार निवारण शंभर टक्के’. अंड्यांचा घाऊक धंदा करणाऱ्या बाईंनी हे सगळं मोजून घेतलं. अंडी मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला नुसतं बसता येत नाही.

बाईंची नवी पिकअप सत्तरच्या पुढे गेली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची. शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला त्या एका खेपेत एक हजार चारशे चाळीस अंडी पोचवत. तीसपर्यंत फुटलेली चालत. नव्या गाडीच्या पहिल्या खेपेत एकसष्ट फुटली, दुसऱ्या खेपेत चौऱ्याहत्तर. स्वयंपाकघराच्या प्रमुखाने शांतपणे सांगितलं होतं, “सोमवारी परत असं झालं तर दुसरा माणूस बघतो, बाई. आम्हाला अंडी पाहिजेत, ऑम्लेट आम्ही करतो.” गाडी सावकाश न्यावी, तर तिथलं दार सातला बंद होई. आणि बाईंचं निम्मं घर त्या एका दारावर चालत होतं.

पुरावा म्हणून बाईंनी सासऱ्यांना सोबत आणलं होतं. सासऱ्यांना कवळी होती आणि ती थोडी सैल होती. त्यामुळे ते घरातलं सर्वांत संवेदनशील उपकरण होतं. साठला कवळी गुणगुणे. सत्तरला टाळ्या वाजवी. ऐंशीला सासरे ती काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि उरलेला प्रवास हातवाऱ्यांनी बोलत.

“गाडी नवीन आहे ना मॅडम,” सल्लागार म्हणाला. (या पदावरच्या माणसाला सल्लागार म्हणतात, कारण तो गाडीला हात लावत नाही.) “सेट व्हायला थोडा वेळ लागतो.”

“माझ्या लग्नात मला हेच सांगितलं होतं,” सासरे म्हणाले.

“माल उतरवून चालवून बघा. अजिबात हलणार नाही.”

“रिकामीच फिरवायची तर पिकअप कशाला घेतली?” बाई म्हणाल्या. “मी सायकल घेतली असती, आणि बाबांना मागे बसवलं असतं.”

“मला नको मध्ये घेऊस,” सासरे म्हणाले.

सर्व्हिस सेंटरच्या अनुभवानुसार थरथरीची कारणं अशी असतात : रस्ता एक्केचाळीस टक्के, चालकाची सवय तेहतीस टक्के, माल एकोणीस टक्के, मनाचे खेळ सहा टक्के. उरलेला एक टक्का गाडीच्या नावावर आहे, परंतु ती छपाईतली चूक असून दुरुस्ती वरिष्ठांकडे पाठवलेली आहे. बाईंना रस्त्यापासून सुरुवात करून मनाच्या खेळांपर्यंत क्रमाने नेण्यात आलं. शेवटी हात पुढे करून दाखवायला सांगण्यात आलं. हात थरथरत नव्हते, त्यामुळे नाइलाजाने गाडी तपासावी लागली.

तपासणीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. डॅशबोर्डवर चहाचा भरलेला कप ठेवायचा, गाडी आवारात फिरवायची आणि चहा सांडतो का ते पाहायचं. आवारात वीसच्या वर जायला सक्त मनाई होती. आवाराबाहेर ग्राहकाची गाडी नेण्यालाही होती, आणि दोन्ही नियम सुरक्षेसाठीच होते. कप काठोकाठ भरलेला असल्याने सल्लागाराने आधी त्यातले दोन घोट घेतले. वीसच्या वेगाला चहा सांडला नाही. गाडी हलत नसल्याची नोंद झाली आणि पुरावा सल्लागाराने पिऊन टाकला.

“अहो, ऐंशीला हलते ती!” बाई म्हणाल्या. “विसाला माझी शिलाई मशीनसुद्धा हलत नाही.”

“ऐंशीचं कोणी पाहिलंय?”

“मी!” सासऱ्यांनी कवळी काढून पुढे केली.

सल्लागाराने तिच्याकडे आदराने पाहिलं, पण प्रमाणित नसलेल्या उपकरणाचं वाचन धरता येत नसल्याचं सांगितलं. उपकरण परत शर्टाच्या खिशात गेलं.

तरीही ग्राहकाच्या समाधानासाठी गाडी लिफ्टवर चढवली. हेड मेकॅनिकने मागचं डावं चाक हाताने गरकन फिरवलं. रिम वाकडी होती. इतकी, की ती फिरताना तिथल्या चौघांनी आपोआप माना डोलावल्या.

“सापडलं!” बाई म्हणाल्या. “आता नवीन चाक द्या.”

“ते कंपनी देते,” सल्लागार म्हणाला. “आणि ट्रायलला गाडी हलली असेल तरच देते. तुमची हलली नाही.”

“पण रिम वाकडी दिसतेय ना डोळ्यांनी!”

“दिसतेय ना. मी कुठे नाही म्हणतोय? सुंदर दिसतेय. पण कंपनी दिसणं मागत नाही, हलणं मागते.”

बाईंचा चेहरा पाहून हेड मेकॅनिकला दया आली. त्याने हात पुसले आणि दाराशी उभ्या असलेल्या पांढऱ्या कोऱ्या पिकअपकडे मान केली. “टेन्शन घेऊ नका, ताई. ती तासाभरात ग्राहकाला द्यायची आहे. तिचं मागचं डावं तुम्हाला, तुमचं तिला. चार नट इकडचे, चार तिकडचे.”

इथे पदार्थविज्ञानाच्या एका मूलभूत नियमाची नोंद करणं आवश्यक आहे. थरथर निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. तिला फक्त एका ग्राहकाकडून दुसऱ्या ग्राहकाकडे नेता येतं. त्या एकाच रिमने आजवर एकोणीस तक्रारी जन्माला घातल्या होत्या आणि तिनेच एकोणीसच्या एकोणीस मिटवल्या होत्या. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांत खोटं काही नव्हतं.

“म्हणजे मला हे कोणाकडून आलं?” बाईंनी विचारलं.

“एक गुरांचे डॉक्टर होते. फार सज्जन माणूस. पाच स्टार देऊन गेले.”

बाईंनी त्या सज्जन माणसाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. तोपर्यंत नट आवळून झाले होते.

पांढऱ्या पिकअपचे मालक सहकुटुंब आले. त्यांचं काचांचं दुकान होतं. दुकानाचं नाव गाडीच्या मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं आणि खाली चितारलेला आरसा इतका चकचकीत होता की त्यात बघून भांग पाडावा. सल्लागाराने त्यांना पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

“ताई, एक फोटो काढता का आमचा?” दुकानदाराच्या बायकोने मोबाइल पुढे केला. “मागूनच काढा हं, नाव आलं पाहिजे. आमची पहिलीच गाडी आहे. इतकी वर्षं काचा हातगाडीवरून नेल्या ह्यांनी.”

सासरे बाईंच्या कानाशी येऊन बोळक्या तोंडाने पुटपुटले, “सूनबाई, सांगायचं का गं त्यांना?”

“सोमवार होऊ दे, बाबा. मग बघू.”

“सोमवारी काचा न्यायच्या असतील तर?”

“बाबा, फोटोत तुमची सावली येतेय. जरा बाजूला व्हा.”

सासरे बाजूला झाले. त्यांनी खिशातली कवळी तोंडात बसवली आणि तोंड मिटलं.

फोटो छान आला. दुकानदार, बायको, मुलगी, दुकानाचं नाव आणि मागचं डावं चाक, सगळं स्पष्ट. सल्लागाराने तो पाहून दाद दिली, “काय स्टेडी हात आहे मॅडम तुमचा!” आणि लगेच आपलाही मोबाइल पुढे केला. त्यावर पाच तारे होते. बाईंनी पाचही दाबले.

काचवाल्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न काही वाचकांना पडला असेल. तो साधारण याच परिच्छेदात पडला असेल. चाकं बदलली जात असताना वाचकाला सुटल्यासारखंच वाटत होतं, कारण सोमवारची अंडी नीट पोचावीत ही त्याची इच्छा खूप आधीपासूनची होती. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. गुरांच्या डॉक्टरांचंही असंच झालं होतं.

सोमवारी रुग्णालयात पोचलेली अंडी : एक हजार चारशे चाळीस. फुटलेली : सात.