घर रिकामे आहे

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली आणि घरात मी एकटा उरलो, याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. (ही ओळ बायको वाचणार आहे.) तक्रार होती ती एकाच गोष्टीची. संध्याकाळी ऑफिसातून येऊन कुलूप काढलं की आत मिट्ट काळोख. इतकी वर्षं दार उघडताच दिव्याचा उजेड, टीव्हीचा आवाज आणि "चपला नीट ठेवा" हे वाक्य, असं सगळं एकदम अंगावर यायचं. आता चपला कशाही फेकल्या तरी विचारणारं कुणी नव्हतं. मी मुद्दाम एक इकडे, एक तिकडे अशा फेकून पाहिल्या. काही मजा आली नाही. शेवटी मीच उचलून नीट ठेवल्या.

तेव्हा मी ठरवलं, आपण आत पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागला पाहिजे. बस, एवढंच.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना विचारलं.

"ओपन सोर्सवाला एक प्रोग्रॅम आहे," ते म्हणाले. "फुकट."

'फुकट' या शब्दानंतर मी सहसा पुढचं ऐकत नाही. पुढे ते सांगत होते की हा प्रोग्रॅम जगभरातले हौशी लोक मिळून चालवतात, त्याची आतली सगळी मांडणी उघडी असते, कुणीही बघावी, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. "फक्त तिथली जुनी मंडळी जरा जपून हाताळा," असंही ते म्हणाले म्हणे. मी तोपर्यंत होकार देऊन मोकळा झालो होतो.

रविवारी त्यांनी घरी येऊन छताच्या कोपऱ्यात एक डोळा बसवून दिला. हालचाल दिसली की दिवा लावायचा, दहा मिनिटं हालचाल दिसली नाही की मालवायचा आणि माझ्या फोनवर कळवायचं, हे त्याचं काम.

सोमवारी दार उघडलं आणि लख्ख उजेड पडला. मी सवयीने "आलो गं" म्हणालोसुद्धा. मग चहा केला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. एकटा माणूस संध्याकाळी काय करतो? बसतो. मी बसलो. थोड्या वेळाने दिवा गेला आणि फोन वाजला. त्यावर लिहिलं होतं, 'घर रिकामे आहे.'

माणसाला स्वतःच्या असण्याबद्दल अधूनमधून शंका येतेच, पण ती अशी लेखी मिळत नाही.

मी हात वर केला. दिवा लागला. पुन्हा बसलो, पुन्हा गेला. घर रिकामे आहे. आता मी दोन्ही हात हलवले. चार दिवस हे असंच चाललं. पाचव्या दिवशी बायकोचा फोन.

"अहो, तुम्ही समोरच्या काकूंना हात करता?"

"मी? छे!"

"त्यांनी मला फोन केला होता. रोज संध्याकाळी खिडकीत बसून हात करतात म्हणाल्या. काल तर म्हणे दोन्ही हातांनी."

"अगं, मी दिव्याला हात करत होतो."

"जेवताय ना वेळेवर?" एवढंच तिने विचारलं.

त्या प्रोग्रॅमवाल्यांचं एक चर्चेचं पान असतं. तिथे जाऊन मी रीतसर तक्रार लिहिली. सत्तावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस आहे. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी घरात हजर असतानाही घर रिकामे असल्याचे कळविण्यात येत आहे,' अशी सुरुवात करून दीड पानात विषय मांडला. (हे सगळं इंग्रजीत. माझ्या इंग्रजीतही ऑफिसातल्या टेबलाखुर्च्या असतात.)

उत्तर आलं ते एका घुबडाचं. म्हणजे नावाच्या जागी घुबडाचं चित्र; तिथे खरं नाव कुणीच लावत नाही, मीही नाही. हे घुबडराव तिथले सर्वांत जुने, प्रोग्रॅम मुळात त्यांनीच लिहिलेला. त्यांनी लिहिलं, 'हे असंच अपेक्षित आहे.'

खाली दुसऱ्याने लिहिलं, 'यावर पूर्वी चर्चा झाली आहे. शोधा.' तिसरा म्हणाला, 'नवीन लोक येतात, काही वाचत नाहीत आणि प्रश्न टाकून निघून जातात.' त्यावर चौथा उखडला, 'तुम्ही असं वसकन अंगावर गेलात तर नवीन येईल कोण?' मग काय, जुंपली! दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझा दिवा बाजूलाच राहिला होता आणि कुणी कुणाला काही वर्षांपूर्वी 'अडाणी' म्हटलं होतं त्याचा हिशेब चालू होता.

खरं सांगू? मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी घरात भांडण चालू होतं. मी खुर्ची पुढे ओढून घेतली.

पण हात दुखायला लागले होते. शेवटी ऑफिसातल्या गृहस्थांच्या मदतीने मीच बदल करून पाठवला. बदल तो काय, दहाच्या जागी तीस. तो परत आला, कारण शीर्षकाच्या शेवटी पूर्णविराम होता. पूर्णविराम काढला. परत आला, कारण सबब पुरेशी नव्हती. सबब लिहिली. तर घुबडरावांनी सर्वांदेखत विचारलं, 'अर्धा तास न हलता घरात कोण बसतं?'

मी लिहिलं, 'मी.'

ते फारच त्रोटक वाटलं म्हणून खाली जोडलं, 'पत्नी मुलीकडे गेली आहे. टीव्ही एकट्याला बघवत नाही. बसून असतो.'

पाठवल्यावर वाटलं, हे काय लिहून बसलो आपण! खोडायला गेलो तर खोडता येईना. आणि त्या दिवशी त्या पानावर कुणी काहीच लिहिलं नाही. एवढी भांडकुदळ माणसं, पण सगळी चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी घुबडरावांचा निरोप आला, फक्त मला.

'मी हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा घरात तीन मुलं होती. दहा मिनिटं सगळे गप्प आहेत असं कधी झालंच नाही. म्हणून दहा.' आणि खाली एक ओळ सोडून, 'आता मीही हात हलवतो.'

मी तो निरोप किती वेळ बघत बसलो कोण जाणे. दिवा जाऊन पुन्हा लावावा लागला, एवढं आठवतं.

मी विचारलं, 'मग तुम्हीच आकडा का नाही बदललात?'

'बदलायचा म्हणजे सबब लिहावी लागते.'

त्याच दिवशी माझा बदल मंजूर झाला. जगात कुठेकुठे, कुणाकुणाच्या घरांत माझा 'तीस' जाऊन बसला. मी शर्टाची कॉलर ताठ करून ऑफिसात गेलो. आल्यावर पाहतो तो घुबडरावांचा नवा निरोप: 'बदल तुमचा, तेव्हा तक्रारींना उत्तरंही तुम्हीच द्यायची.'

आणि तक्रारी आल्या! दिवे विझत नाहीत, वीज फुकट जाते, हा तीसवाला शहाणा कोण? सुरुवातीला मी प्रत्येकाला 'महोदय' लिहून सविस्तर उत्तर देत असे. पण लोक वाचायचेच नाहीत हो! तेच तेच विचारायचे. हळूहळू 'महोदय' गेलं, मग सविस्तर गेलं. पंधरवड्यात माझी उत्तरं घुबडरावांपेक्षाही आखूड झाली. संध्याकाळ मात्र कशी जायची ते कळत नसे.

रविवारी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मांडीवर नातू, मागे लेक आणि जावईबापू. सगळ्यांचे डोळे तारवटलेले. मी माझा पराक्रम सांगायला घसा खाकरणार, तोच जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्ही तो दिव्यांचा प्रोग्रॅम लावलाय ना? आमच्याकडेही तोच होता. काढून टाका."

"का हो?"

"कुणीतरी त्यात काहीतरी करून ठेवलंय. बाळाला कसंबसं झोपवावं, तर अर्धा तास दिवा विझतच नाही. उजेडाने ते पुन्हा उठतं. आठवडाभर कुणाचा डोळा नाही लागला."

"मग तक्रार करायची!" बायको म्हणाली.

"केली ना, आई. इतकं नम्रपणे लिहिलं. तिथे कुणीतरी एक खडूस बसलाय. त्याने उत्तर दिलं, 'अंधार हवा असेल, तर बल्ब काढा.'"

वाक्य मला ओळखीचं वाटलं. त्यातला स्वल्पविराम तर नक्कीच माझा होता.

"शी!" बायको म्हणाली. "कोण असतात हो अशी माणसं?"

"असतात," मी म्हणालो. "घरात एकटी वगैरे असतील बिचारी."

"एकटी असली म्हणून काय झालं? तुम्ही नाही का एकटे राहत? तुम्ही बोलाल का कुणाला असं?"

चौघंही माझ्याकडे बघत होते, नातूसुद्धा. मी इतका निश्चल बसलो की लेक म्हणाली, "आई, बाबांचं नेटवर्क गेलं वाटतं," आणि त्यांनी फोन ठेवला.