रूग्त्स म्हणजे कडू, पुल्लिंगी एकवचनी

व्याकरणावाचून भाषा टिकत नाही. लग्नं टिकतात, पण ती सहसा दोघांपैकी एकाला व्याकरण येत नसल्यामुळेच.

लाट्व्हियातल्या वेंता नदीकाठच्या गावात चौतीस वर्षं लाट्व्हियन शिकवलेले इल्ग्वार्स मास्तर अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्नाला उभे राहिले. नवरी आउस्मा, गावाला राईचा पाव पुरवणारी विधवा. जेवणाच्या टेबलावर रिवाजाप्रमाणे पाहुणे ओरडले, "रूग्त्स! रूग्त्स!" म्हणजे, पेय कडू लागतंय, नवरा-नवरीने मुका घेऊन ते गोड करावं. (आजवर एकाही नवऱ्याने यास हरकत घेतल्याची नोंद नाही.)

मास्तर तिच्या ओठांपर्यंत पोचले आणि थबकले.

"रूग्त्स पुल्लिंगी झालं," ते म्हणाले. "पेल्यात बर्चचा रस आहे. रस म्हणजे सुला. ती सुला! तेव्हा 'रूग्ता' म्हणा."

डोळे मिटून मान वर केलेली आउस्मा तशीच राहिली.

"अहो मास्तर," तिच्या बहिणीचा लिथुआनियन नवरा रोकास म्हणाला, "आमच्या भाषेत या शब्दाच्या सख्ख्या भावंडाचा अर्थ आंबट!"

मास्तरांचा चेहरा उजळला. (तो नवरीकडे बघून उजळणं अपेक्षित होतं.) धातू एकच, आंबणे. आंबलेलं ते त्यांच्या घरी आंबट ठरलं, आमच्या घरी कडू. झालं, टेबलावरच उपसमिती बसली. बावीस पाहुण्यांपैकी नऊ पुल्लिंगाच्या बाजूने, सहा स्त्रीलिंगाच्या, आणि सात भाजलेल्या डुकराच्या. (ते गार होत होतं.)

आउस्माचा पहिला नवरा खलाशी होता. वाट पाहण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिने डोळे उघडले आणि डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून टेबलावर ठेवला.

"पुल्लिंगी नाम हवंय ना तुला? 'वीर्स' घे. नवरा. रूग्त्स वीर्स! लिंग जुळलं, वचन जुळलं. आता विभक्ती नको असेल, तर खाली वाक."

मास्तर वाकले. चौतीस वर्षांत त्यांचं वाक्य कुणी इतकं बिनचूक दुरुस्त केलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले, आणि मुकुट त्यांनीच तिच्या डोक्यावर पुन्हा चढवला, जरा वाकडाच.

दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांना 'रूग्ताइस' म्हणू लागलं. विशेषणाला हा 'आइस' प्रत्यय लागतो तो, कोणाविषयी चाललंय हे सर्वांना आधीच ठाऊक असलं की.

मराठीत ही भानगड नाही. 'कडू' तिन्ही लिंगांत कडूच. त्यामुळे घरात हा शब्द कानी पडताच वाचक खुशाल ताटातल्या कारल्याकडे बघतो, आणि बाकीचं घर वाचकाकडे.